पाहून राहिलो

नंदनवनातल्या आमच्या गल्लीत भाऊंना ‘गाडी घेतली का?’ असं कुणी विचारत नाही. विचारायचं ते ‘सध्या कोणती?’ एवढंच. नवे भाडेकरू मात्र चुकतात. केडीके कॉलेजात शिकणारं एखादं पोट्टं खोली घेऊन राहायला येतं, पहिल्याच आठवड्यात भाऊंना कुणाच्या तरी गाडीच्या बॉनेटमध्ये कमरेपर्यंत वाकलेलं बघतं आणि आदरानं म्हणतं, “काकाजी, नवीन घेतली का?” भाऊ डोकं बाहेर काढतात, हात पुसतात आणि म्हणतात, “घेतली नाही बाबू. पाहून राहिलो.”

हे पाहणं सुरू झालं २०१२ मध्ये. त्या वर्षीच्या मे महिन्यात दिल्लीत पेट्रोल ७३ रुपयांवर गेलं आणि डिझेल ४१ च्या आत राहिलं. त्या बत्तीस रुपयांनी भाऊंच्या मनात घर केलं ते केलंच. पुढे जानेवारी २०१३ पासून डिझेल महिन्याला चाळीस-पन्नास पैशांनी चढू लागलं, ऑक्टोबर २०१४ मध्ये सरकारनं डिझेलचा भाव बाजारावर सोडून दिला, आणि २०२४ साली नागपुरात दोघांतला फरक तेरा-चौदा रुपयांवर आला होता. एप्रिल २०२० मध्ये बीएस-सहाचे नियम लागू झाले तेव्हा देशातल्या सगळ्यात मोठ्या मोटार कंपनीनं डिझेल गाड्या बनवणंच थांबवलं. हे मला भाऊंनीच सांगितलं, तारखांसकट. भाऊ सरकारी कार्यालयात हिशेबनीस आहेत, त्यांचे आकडे चुकत नाहीत. सगळं सांगून झाल्यावर एक उसासा टाकून ते म्हणाले, “तरी डिझेल ते डिझेल, बाप्पा. पिकअप पाहा ना!”

हा पिकअप वापरायचा कुठं, हा प्रश्न गल्लीतल्या कुणीही काढलेला नाही. भाऊंचं ऑफिस सीताबर्डीत, म्हणजे घरापासून पाच-सहा किलोमीटर. वाटेत जगनाडे चौक, अशोक चौक आणि मोजायचा कंटाळा येईल इतके सिग्नल. हे अंतर भाऊ स्कूटरवर जातात आणि रोज वेळेवर पोचतात.

भाऊंच्या खिशात तीन वस्तू कायम असतात : छोटी बॅटरी, पांढरा रुमाल आणि फ्रिजच्या दारावरून काढलेला टेकडीच्या गणपतीचा लोहचुंबक. अपघातानंतर पत्रा ठोकून वर जिथं पुट्टी भरलेली असते तिथं चुंबक धरत नाही, हे शास्त्र. भाऊ गाडीभोवती प्रदक्षिणा घालत दर हातभर अंतरावर गणपती टेकवत जातात. मनीषनगरात एका गाडीमालकाच्या आईनं हे बघून आतून हळद-कुंकू आणून दिलं. भाऊंनी ते बॉनेटला लावलं, हात जोडले, पुढे सरकले, आणि डाव्या मागच्या दारावरून गणपती घसरून पडला तेव्हा त्या माउलीसमोरच म्हणाले, “आजी, हे गाडी ठोकली हाय.” बंपर प्लास्टिकचा असतो, तिथं गणपती कधीच टिकत नाही. हे भाऊंना माहीत असतं, मालकाला नसतं. मालक घाबरून आपणच दोन-चार हजार कमी करतो.

रुमाल धुरासाठी. सायलेन्सरमागे रुमाल धरून भाऊ भाच्याला ॲक्सिलरेटर दाबायला सांगतात. धूर निळा असला तर इंजिन ऑइल पिऊन राहिलं. काळा असला तर डिझेल नीट जळून नाही राहिलं. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा येतच राहिला तर आत पाणी शिरून राहिलं. मग इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण काढायचं आणि उलटं करून त्याच तोंडावर ठेवायचं. जागच्या जागी थरथरलं तर चालेल, उडून पडलं तर पिस्टनच्या रिंगा गेल्या. हा प्रयोग भाऊ करतात तेव्हा गल्लीतली निम्मी पोरं जमतात आणि झाकण उडालं की टाळ्या वाजवतात. मालकाला त्या आवडत नाहीत.

गाडी बघायला भाऊ ठरल्या वेळेच्या अर्धा तास आधी पोचतात आणि पहिल्यांदा बॉनेटवर तळहात ठेवतात. बॉनेट गरम लागलं तर मालकानं इंजिन आधीच चालू करून ठेवलं होतं, म्हणजे थंड असताना ते सुरू व्हायला त्रास देतं, असा निष्कर्ष. मे महिन्यात नागपुरात पारा पंचेचाळीसला टेकतो आणि सकाळी आठलाच प्रत्येक बॉनेट गरम असतं. म्हणून उन्हाळ्यात भाऊ पहाटे साडेपाचला जातात. बनियनवर दार उघडणाऱ्या गाडीमालकांच्या चेहऱ्याचं वर्णन मी करत नाही.

मीटरवर त्यांचा काडीचा विश्वास नाही. “नागपुरात झीरो माइलचा दगड एकच हाय,” ते म्हणतात, “पण झीरोकडे मीटर नेणारे लय हायत.” मीटर ३८ हजार दाखवत असेल तर भाऊ ते बघतच नाहीत. ब्रेकच्या पॅडलचं रबर बघतात, स्टेअरिंगची चकाकी बघतात, ड्रायव्हरच्या सीटची बाहेरची कड दबली आहे का ते बघतात. मग टायरजवळ उकिडवे बसतात. टायरच्या कडेला चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. “गाडी पंधरा सालची, चालली अडतीस हजार, अन् टायर एकोणीसचे? पहिले टायर कुठं गेले? उंदरानं खाल्ले?” मालक म्हणतो, डॉक्टरची गाडी आहे. सेकंडहँड बाजारातली प्रत्येक गाडी डॉक्टरची असते. एवढ्या डॉक्टरांनी गाड्या विकल्या असतील तर मेडिकल कॉलेजात पायी कोण येतं, हे भाऊंचं कोडं अजून सुटलेलं नाही.

या अविश्वासातूनच भाऊंचं जास्त चाललेल्या गाड्यांवर प्रेम बसलं. ज्याच्या मीटरवर एक लाख ऐंशी हजार आहेत त्यानं निदान मीटर मागं घेतलेलं नाही, असा त्यांचा हिशेब. ‘तीन लाखांवरून मागं घेऊन एक ऐंशी केलं असेल तर?’ ही शंकाही त्यांनीच काढली, आणि त्या रात्री ते झोपले नाहीत असं वहिनी सांगतात.

अधूनमधून भाऊंकडे हंगामी विषय येतात. राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१५ च्या आदेशानं दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना बंदी आली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती उचलून धरली, आणि दहाव्या वर्षाच्या उंबरठ्यावरच्या गाड्या एनओसी घेऊन इतर राज्यांत निघाल्या. तेव्हा भाऊ काही महिने फक्त दिल्लीच्याच गाड्या बघत होते. स्वस्त होत्या. “पण इथला टॅक्स इथंच भरा लागते ना,” असं म्हणून त्यांनी तो हंगाम संपवला. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरला जीएसटी परिषद भरली आणि जुन्या गाड्यांवर अठरा टक्के अशी बातमी आली, तेव्हा गल्लीत हाहाकार झाला. भाऊंनी मंदिराच्या पायरीवर बसून सगळ्यांना समजावलं की हा कर नोंदणीकृत व्यापाऱ्याला आहे, तोही त्याच्या नफ्यावर. शेजाऱ्यानं शेजाऱ्याला गाडी विकली तर काही नाही. ते बरोबर होतं. भाऊंचं सगळंच बरोबर असतं, हीच पंचाईत आहे. चुकीच्या कारणानं गाडी न घेणारा माणूस कधी ना कधी चुकून घेऊन टाकतो. भाऊंना ती सोय नाही.

आता त्या पांढऱ्या गाडीबद्दल.

ती त्रिमूर्तीनगरच्या एका निवृत्त गृहस्थांची होती. मॉडेल २०१५ चं, डिझेल, ऑटोमॅटिक, मीटरवर एक लाख चौऱ्याऐंशी हजार. मुलाकडे पुण्याला कायमचं जायचं होतं म्हणून विकायची होती. भाऊ, त्यांचा भाचा, हसनबागेकडचा त्यांचा नेहमीचा मिस्त्री आणि मी, असे चौघे गेलो. मी का, तर साक्षीदार म्हणून. भाऊंनी चुंबक बाहेर काढला, तेवढ्यात ते गृहस्थ चहाचा ट्रे खाली ठेवून म्हणाले,

“आधीच सांगतो. गिअरबॉक्समध्ये दोष आहे. गाडी गरम झाली आणि ट्रॅफिकमध्ये अडकली की झटके देते. कधीकधी रिव्हर्स जातो. थोडा वेळ बंद करून ठेवली की परत येतो. मागचं उजवं दार एकदा लागलं होतं, ते मी रंगवून घेतलंय. मीटर खरं आहे. सर्व्हिसची सगळी बिलं या पिशवीत आहेत.”

भाऊ खुर्चीवर बसले. बारा वर्षांत त्यांच्यावर अशी वेळ आली नव्हती. त्यांची सगळी हत्यारं खोटं पकडायची. समोरच्यानं बसल्या जागी सगळं कबूल केलं तर करायचं काय? त्यांनी उगीच चुंबक मागच्या उजव्या दारावर लावून बघितला. गणपती पडला. “सांगितलंच होतं,” गृहस्थ म्हणाले. बाहेर आल्यावर भाऊंनी मला कोपऱ्यात नेलं. “एवढं सांगून राहिला म्हणजे याच्यामागं कायतरी लय मोठं हाय.”

त्या रात्री मंदिराच्या पायरीवर भाऊंनी गिअरबॉक्स समजावून दिला. साध्या गाडीत क्लच एक आणि तो पायाखाली. या गाडीत क्लच दोन आणि पायाखाली एकही नाही. एक क्लच एक-तीन-पाच-सात सांभाळतो, दुसरा दोन-चार-सहा. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये असते तेव्हाच तिसरा आत तयार करून ठेवलेला असतो; एक क्लच सुटतो, दुसरा धरतो, की बदलला गिअर. कधी काय धरायचं ते ठरवणारा कॉम्प्युटर आणि ते धरवणारे तेलाचे व्हॉल्व्ह, दोन्ही एकाच डब्यात. मोकळ्या रस्त्यावर हे यंत्र लोण्यासारखं चालतं. मुंगीच्या पावलानं सरकणाऱ्या गर्दीत मात्र कोरडे क्लच सारखे अर्धवट घासत राहतात, तापतात, आणि तो डबाही तापतो. “म्हणून किलोमीटर नका पाहू,” भाऊ म्हणाले. “हे गाडी पंचवीस खेपा शिर्डीले गेली. समृद्धीवर टॉप गिअर लागला का तो शिर्डीलेच निघते. याच्यापेक्षा धरमपेठेत तीस हजार चाललेल्या गाडीचा गिअरबॉक्स जास्त घासला असते.”

हेही बरोबरच. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी हा समृद्धीचा ५२० किलोमीटरचा टप्पा उघडला तेव्हापासूनचे टोलचे कागद त्या पिशवीत होते.

मिस्त्रीचं मत निराळं. “भाऊ, हे पान्याचं काम नाही. हे कॉम्प्युटरचं काम हाय. मी हात नाही लावत.”

“मामाजी, आधी गिअर ऑइल बदलून पाहा ना,” भाचा म्हणाला. “कंपनी म्हणते लाइफटाइम ऑइल आहे.”

“कोनाच्या लाइफटाइमचं? गाडीच्या का वॉरंटीच्या?”

मग जुन्या ऑटोमॅटिकचं तेल बदलावं की नाही यावर पायरीवर दोन तट पडले. जास्त चाललेल्या गाडीचं जुनं तेल काढलं की गिअर घसरायला लागतात, झिजलेल्या प्लेटांचा गाळ त्या तेलातच असतो आणि त्यावरच सगळं धरून असतं, असं मानणारा एक पंथ आहे. आमच्या गल्लीत त्याचे अनुयायी बरेच निघाले, त्यांतल्या एकाकडेही ऑटोमॅटिक गाडी नाही. भाऊंनी दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि निकाल दिला की क्लच कोरडे असल्यामुळे या गाडीला हा वादच लागू नाही. वाद तरीही साडेअकरापर्यंत चालला.

दुसऱ्या रविवारी चाचणी झाली. गृहस्थ स्वतः मागच्या सीटवर माझ्या आणि मिस्त्रीच्या मध्ये बसले होते. नागपूर सपाट, गिअरबॉक्सला चढ दाखवायचा तर सेमिनरी हिल्सला जावं लागतं. गाडी सुरेख चढली. चढावर थांबवून पुन्हा उचलली, तरी सुरेख. भाऊ गप्प झाले. फुटाळ्यापाशी उतरून त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, “बिघाड दाखवून नाही राहिली. असं नाही चालणार.” मग त्यांनी गाडी शहराच्या पोटात घातली. दुपारी एक वाजता, एसी बंद करून, इतवारी, गांधीबाग आणि महाल. रविवारची खरेदी, हातगाड्या, ई-रिक्षा, मध्येच एक वरात. गाडी इंचाइंचानं सरकत होती आणि भाऊ कान टवकारून बसले होते. बडकस चौकाच्या तोंडाशी दुसऱ्यातून पहिल्यात येताना पहिला झटका बसला.

“आला!” भाऊ म्हणाले.

दुसऱ्या झटक्याला डॅशबोर्डवरचं गिअरचं चिन्ह लुकलुकायला लागलं. तिसऱ्याला गाडी आडवी उभी राहिली. समोर ई-रिक्षा, मागं जायला रिव्हर्स नाही. चारी बाजूंनी भोंगे सुरू झाले. एका पानवाल्यानं बॅटरीचं काम असल्याचं सांगितलं, एकानं डिझेल संपल्याचं, आणि एका म्हाताऱ्यानं ऑटोमॅटिक घेतलीच कशाला असं विचारलं. भाऊंच्या चेहऱ्यावर असा आनंद मी त्यांच्या मुलीच्या लग्नातही बघितला नव्हता. त्यांनी मागं वळून त्या गृहस्थांचा हात हातात घेतला. “अगदी सांगितलं तसंच झालं बघा! आता घेऊ बंद करून.” मग त्यांनी वहीत टिपून घेतलं : वेळ १.४०, पारा ४३, दुसऱ्यातून पहिल्यात, तिसऱ्या झटक्याला रिव्हर्स गेला. वाहतूक पोलीस आला तेव्हा भाऊंनी त्यालाही दोन क्लचची रचना समजावून सांगायला सुरुवात केली. दहा मिनिटांनी गाडी सुरू केली, रिव्हर्स आला, आणि पोलिसानं आम्हाला हात जोडून घालवलं.

त्यानंतरचे पंधरा दिवस म्हणजे भाऊंचा सुवर्णकाळ. रोज संध्याकाळी घरासमोर माणसं. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये पूर्ण डबा बदलायचे दीड लाखाच्या वर सांगितले. दिल्लीच्या मायापुरीतून किंवा मुंबईच्या कुर्ल्यातून भंगारातला गिअरबॉक्स आणायचा, तर तो कोणत्या अपघातातून आला ते देव जाणे. नुसतं सर्किट दुरुस्त करणारे लोक असतात म्हणे, पण ते नक्की तेवढंच बिघडलंय कशावरून? स्कॅनर लावला तर तो जुने कोड दाखवतो, आणि विकण्याआधी कोड पुसूनही टाकता येतात. एक मात्र खरं की या सगळ्यातून भाऊंनी जो हिशेब काढला त्याला तोड नव्हती. बिघडलेल्या गिअरबॉक्सची गाडी घ्यायची तर तो पूर्ण गेला असं धरून भाव करायचा. सगळ्यात महाग दुरुस्ती किमतीत मिळवायची, वर टायर, बॅटरी, इन्शुरन्स, उच्च सुरक्षेची नंबरप्लेट, नावावर करायचे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म. ती बेरीज त्याच मॉडेलच्या धडधाकट गाडीच्या भावापेक्षा बऱ्यापैकी खाली राहिली तरच हात लावायचा. पुढं २०३० मध्ये पंधरा वर्षं भरली की नोंदणी नव्यानं करायची. तिची फी एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० झालीय, तीही धरायची. मी ओळखीत कुणाला जुनी गाडी घ्यायची असली तर हाच हिशेब सांगतो, भाऊंचं नाव घेऊन.

गृहस्थांचं मागणं होतं तीन लाख चाळीस हजार. भाऊंचा हिशेब आला एक लाख पंच्याहत्तर. हा आकडा ऐकून कोणताही विक्रेता गेट दाखवतो, हा भाऊंचा अनुभव होता आणि, आता मला वाटतं, भरवसाही. भाऊंनी वहीतली तीन पानं फाडून गृहस्थांच्या हातात दिली, प्रत्येक खर्च तारीखवार. त्यांनी चष्मा लावून शांतपणे वाचली, घडी घातली आणि म्हणाले,

“बरोबर आहे तुमचं. घेऊन जा.”

भाऊंचा चेहरा उतरला. घरी येताना ते एक शब्द बोलले नाहीत. जगनाडे चौकात सिग्नल हिरवा झाला तरी त्यांनी स्कूटर उचलली नाही. दुसऱ्या दिवशी पायरीवर माणसं जमली ती अभिनंदनाला, बोलायला कुणी नाही. गाडी ठरली म्हटल्यावर मिस्त्री आपल्या कामाला गेला, भाचा मोबाइलमध्ये गेला, तेलाचे दोन्ही पंथ घरी गेले. घेतलेल्या गाडीवर कोण काय बोलणार? पेढे कधी, एवढंच.

सुटका वहिनींनी केली. त्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, “अन् ठेवान कुठं?”

भाऊ ताडकन उठले आणि टेप घेऊन आले. अंगण भिंतीपासून फाटकापर्यंत चार मीटर पाच सेंटिमीटर भरलं. गाडी होती चार मीटर अडतीस. सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. टेपवर चार मीटरच्या जागी पेनाची जुनी खूण होती, ती मी बघितली, आणि मी बघितली हे भाऊंनी बघितलं. २००६ च्या अर्थसंकल्पानं चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ वर आणलं, तेव्हापासून देशातल्या कंपन्यांनी डिक्क्या छाटून छाटून गाड्या चार मीटरमध्ये बसवल्या. त्यांतली कुठलीही भाऊंच्या अंगणात मावली असती. इतक्या वर्षांत त्यांनी त्यांतली एकही बघितलेली नाही. “डिक्कीच नाही त्याले,” म्हणतात.

फोन मलाच करायला लावला. गृहस्थ रागावले नाहीत. भाऊंच्या वहीची ती तीन पानं तेवढी ठेवून घेऊ का, असं विचारलं. त्यांनी पानांच्या झेरॉक्स काढल्या आणि पुढं जो बघायला येईल त्याच्या हातात चहाबरोबर तीच देऊ लागले. इतका प्रामाणिक तपासणी अहवाल बाजारात कुणी बघितला नव्हता. उमरेडच्या एका शाळामास्तरांनी तो दोनदा वाचला, वर्कशॉपच्या भावाखाली भाऊंनी मारलेली रेघ बघितली, आणि दोन लाख दहा हजारांना गाडी नेली. भाऊंच्या आकड्यापेक्षा पस्तीस हजार जास्त. पुढं मास्तरांनी सर्किट दुरुस्त करणारा माणूस गाठला आणि त्यांचं काम दीड लाखाच्या कितीतरी आत झालं. उमरेड रोडला गर्दी नाही, गाडी झटके देत नाही.

हे कळल्यावर भाऊंना वाईट वाटेल असं आम्हाला वाटलं. त्यांना फार बरं वाटलं. मास्तर दर आठवड्याला फोन करतात : भाऊ, थंड असताना डावीकडून एक आवाज येतो, काय असेल? भाऊ अंगणात, त्या चार मीटर पाच सेंटिमीटरमध्ये येरझारा घालत अर्धा तास बोलतात. गाडी बघायला अजूनही लोक त्यांना न्यायला येतात. परवाच एकानं इलेक्ट्रिक घ्या म्हटलं. भाऊंनी त्याला बसवून बॅटरी बदलायचा खर्च विचारला, आणि तो विषय आता पायरीवर सुरू झाला आहे. लवकर संपेल असं दिसत नाही.

तेव्हा तुमच्याकडे एखादी जास्त चाललेली, गिअरबॉक्स कुरकुरणारी डिझेल गाडी विकायची असेल तर नंदनवनात आणा. जगनाडे चौकात कुणालाही विचारा, भाऊंचं घर दाखवतील. तपासणी पूर्ण होईल, अहवाल लेखी मिळेल, पैसे लागणार नाहीत आणि पुढचं गिऱ्हाईक त्या कागदावर भरवसा ठेवील. इंजिन थंड असताना आणा, बिलांची पिशवी बरोबर ठेवा. आणि भाऊंनी कितीही मनापासून भाव केला, तरी कृपा करून हो म्हणू नका.